तीन खोल्या, एक विहीर

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या रस्त्याला आमचा साडेचार एकरांचा मळा आहे. कागदी लिंबाची बाग, थोडी कपाशी, रब्बीला दादर ज्वारी, आणि बागेच्या मागे बापूंच्या वडिलांनी बांधलेलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं घर. बापू म्हणजे माझे सासरे, २०२२ मध्ये गेले. त्याआधी वर्षभर घराला गळती लागली होती. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूरला पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या, त्या रात्री मधल्या खोलीत आम्ही सात भांडी मांडली होती. नंतर आम्ही गावातल्या घरी राहायला गेलो आणि मळ्यातलं घर पऱ्हाट्या आणि खताच्या गोण्या ठेवायला उरलं.

हेच घर आता पाहुण्यांना मुक्कामाला देतो. तीन खोल्या, सकाळची न्याहारी, सांगितलं तर रात्रीचं जेवण. इथवर यायला सव्वा वर्ष लागलं. त्या काळात मी ज्याला त्याला विचारत फिरले, आणि प्रत्येकानं वेगळंच सांगितलं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

ऑगस्ट २०२३. पाऊस ओढ देऊन बसला होता. कॉलेजची तीन मुलं पाटणचा शिलालेख बघायला आली होती, त्यांची परतीची शेवटची एसटी चुकली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, त्याची नोंद त्या शिलालेखात आहे. मुलं त्याविषयी इतकं भरभरून बोलली की इतकी वर्षं तिथं नारळ फोडायला जाणाऱ्या मला नवीनच काही ऐकल्यासारखं वाटलं. रात्री ती मळ्यात ओसरीवर झोपली. सकाळी कळण्याची भाकरी, ठेचा आणि दही खाऊन निघाली आणि जाताना तांब्याखाली सहाशे रुपये ठेवून गेली.

नोटा सासूबाईंच्या हाती लागल्या. "घरनी भाकरना पैसा लेवाना का?" एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर गप्प राहिल्या. त्या नोटा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवल्या. माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. त्यांचा प्रश्न मी बाजूला सारला नाही. पुढे हिशेब मांडताना तो रोज समोर होता.

आधी योजनेचं बघितलं. महाराष्ट्रात पर्यटन संचालनालयाकडे अशा घरांची नोंदणी होते. गावठाणातल्या किंवा शहरातल्या राहत्या घरात खोल्या द्यायच्या असतील तर निवास व न्याहारी योजना. घर शेतात असेल आणि शेती दाखवायची असेल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण. आमचा मळा दुसऱ्यात बसत होता. त्याला किमान एक एकर जमीन लागते आणि खोल्या आठपर्यंत चालतात. पहिल्या नोंदणीचं शुल्क २,५०० रुपये, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे १,०००. जळगाव जिल्ह्याचं काम नाशिकच्या विभागीय कार्यालयाकडून चालतं. तुमचं घर सातबाऱ्यावरच्या जमिनीत आहे की ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, हे सगळ्यात आधी बघा. मी चुकीच्या योजनेची कागदपत्रं गोळा करण्यात दीड महिना घालवला.

सातबारा काढला तर त्यावर अजून बापूच होते. वारस नोंद राहून गेली होती. ऑक्टोबरमध्ये तलाठ्याकडे अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, मग फेरफार, मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. कागदावर महिन्याभराचं काम, आम्हाला अडीच महिने लागले. एका ठिकाणी आमची फाइल दुसऱ्याच गावाच्या गठ्ठ्यात गेली होती, ती सापडेपर्यंत पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस आणि शंभरेक रुपये. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाचव्या फेरीत त्या फोटोनंच काम झालं.

वारस नोंदीत माझ्या दोन्ही नणंदांची नावं लागली. "हक्कसोड लिहून घ्या, पुढची कटकट नको," असं तिघाचौघांनी सुचवलं. आम्ही तसं केलं नाही. वडिलांच्या जमिनीत लेकींचं नाव असलं तर त्यात कटकट कसली? पुढे नोंदणीच्या वेळी सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र जोडलं. तेव्हा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर काम झालं. ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागू लागला.

याच दरम्यान, ३१ ऑक्टोबर २०२३ ला, सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात आमचा चाळीसगाव होता. आमची विहीर त्या वर्षी फेब्रुवारीतच तळाला गेली. लोक म्हणत, प्यायला पाणी नाही आणि ही पाहुणे बोलावते आहे. त्यांचं चुकीचं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. ती वही नसती तर पुढचे निर्णय मला घेता आले नसते.

घराची दुरुस्ती जानेवारी २०२४ ला सुरू केली. पुतण्या इंजिनिअर आहे. त्यानं प्रेमानंच सांगितलं, काकू, हे पाडा आणि स्लॅब टाका, साडेसहा लाखांत होईल. पण मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ ला जातो. स्लॅबच्या घरात पाहुण्याला ठेवायचं तर एसी आलाच, आणि धाब्याखाली दुपारी चार वाजता नुसत्या पंख्यावर डोळा लागतो. आम्ही धाबंच राखलं. सागाची सरं ठोकून बघितली, अकरांपैकी दोन किडली होती, तेवढीच बदलली. वरची माती पूर्ण उतरवली, नवी भरली, चोपून बसवली आणि सगळ्यात वर खारी माती पसरली. हे काम जाणणारा गवंडी पंचक्रोशीत एकच उरला आहे, सत्तरीचा. त्याच्या हाताखाली गावातली दोन तरुण पोरं मुद्दाम लावली. त्यातल्या एकाला नंतर दोन घरांची धाबी मिळाली, याचा मला फार आनंद आहे.

खर्च सांगते. धाबं ७४,०००. दोन संडास-न्हाणी आणि शोषखड्डा ९२,०००. वीज फिटिंग २१,०००. सौर बंब २६,५००. खाटा, खिडक्यांच्या जाळ्या, दारं मिळून २४,५००. गाद्या-उश्या १८,०००, कारण कापूस घरचाच होता, पिंजाऱ्याची मजुरी आणि कापडच काय ते लागलं. सगळे मिळून २ लाख ५६ हजार. त्यातले दीड लाख पतसंस्थेतून कर्ज, बाकी लिंबाचे पैसे आणि माझी एक पोत. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांहून लांब आणि उताराच्या बाजूला घेतला. गवंडी जवळच खणू म्हणत होता, चर कमी लागला असता. इथं मात्र मी हटून बसले.

एक गोष्ट उशिरा कळली, तुम्ही आधीच लक्षात घ्या. जून २०२३ मध्ये राज्याचं 'आई' हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं. त्यात महिलेच्या मालकीच्या, संचालनालयाकडे नोंदलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरच्या व्याजाची ठरावीक मर्यादेत परतफेड मिळते. आम्ही आधी पतसंस्थेचं कर्ज घेऊन मोकळे झालो आणि मग ते वाचलं. कर्ज काढायच्या आधी विभागीय कार्यालयात एकदा जाऊन या.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान १३ मेला होतं. ज्यांच्या सह्या हव्या होत्या ती सगळी माणसं निवडणुकीच्या कामाला. मी तीन महिने कागदाला हातच लावला नाही. तेव्हा फार चिडचिड झाली होती. पण त्याच रिकाम्या दिवसांत जे केलं त्यावर आज हे घर चालतं. मी गावात, तांड्यावर आणि भिल्ल वस्तीत घरोघरी जाऊन बसले.

कुणाला काय येतं, कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय नको, हे विचारत होते. तांड्यावरच्या एका म्हातारीनं सांगितलं, आमचे फोटो काढायला माणसं आणू नको. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि आज प्रत्येक पाहुण्याला सांगते. बचत गटातल्या पाच जणी स्वयंपाकाला तयार झाल्या. एकेकीकडे एकेक आठवडा. रात्रीच्या ताटाचे १८० रुपये ठरले: १०० करणारीचे, ५० सामानाचे, ३० गॅस, भांडी आणि तेलासाठी घरात. दूध, भाजी, पीठ गावातूनच घ्यायचं, भाव बाजाराचाच द्यायचा. रानवाट दाखवायला वस्तीतला एक मुलगा. तो लहानपणापासून शेळ्या घेऊन त्या डोंगरात फिरलेला, पक्ष्यांची नावं त्याला आवाजावरून येतात. अर्ध्या दिवसाचे ४००, सगळे त्याचे. अभयारण्यात कुठवर जाता येतं आणि प्रवेशाचं काय, हे त्यानं आणि मी वनरक्षकांना भेटून लिहून घेतलं. जी वाट बंद आहे तिकडे कितीही गळ घातली तरी तो नेत नाही.

जुलै २०२४ मध्ये अन्न नोंदणी केली. तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये होते. मी पाच वर्षांचे ५०० एकदम भरले. ही नोंदणी जिथं अन्न शिजतं त्या जागेची असते, म्हणून पाचही जणी आमच्याच स्वयंपाकघरात येऊन रांधतात. आधी प्रत्येकीनं घरून डबा आणायचा असं ठरलं होतं, ते बदलावं लागलं. विहिरीच्या पाण्याची तपासणीही करून घेतली. पाणी जड निघालं, बाकी ठीक.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कृषी पर्यटनाचा अर्ज भरला. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न नोंदणी, शुल्काचं चलन, फोटो, संमतीपत्र. अर्ज एकदा परत आला. वीजबिल बापूंच्या नावावर होतं आणि सातबारा नव्या नावांवर. वीजबिलाचं नाव बदलायला तीन आठवडे गेले. वारस नोंद करताना लगेच वीजबिलाचंही नाव बदलून घेतलं असतं तर हे टळलं असतं. सप्टेंबरअखेर पाहणी झाली. आलेल्या साहेबांनी खोल्यांपेक्षा शेत जास्त वेळ बघितलं, शोषखड्ड्यावरचं झाकण उघडायला लावलं आणि लिंबाच्या छाटणीबद्दल विचारलं. मी रात्रभर झोपले नव्हते आणि ते चहा घेऊन तासाभरात गेले. प्रमाणपत्र १४ ऑक्टोबरला हातात आलं. सासूबाईंनी ते देव्हाऱ्यासमोर ठेवून हळदीकुंकू वाहिलं.

पोलीस ठाण्यात जाऊन माहिती दिली, पाहुण्यांचं रजिस्टर कसं ठेवायचं ते विचारून घेतलं. प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत ठेवायची. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. अजून तशी वेळ आली नाही, पण खातं उघडून ठेवलं आहे.

पहिले पाहुणे ७ डिसेंबर २०२४ ला आले, नाशिकचं एक कुटुंब. आई, वडील, आठ वर्षांची मुलगी. खोलीचे १,४०० रुपये, न्याहारी त्यातच. रात्री पऱ्हाट्यांच्या आगीवर वांगी भाजली, भरीत, पुऱ्या, फुनके-कढी. मुलगी चुलीपुढून उठायला तयार नव्हती. सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला न्हाणीतलं पाणी बंद झालं.

टाकी ५०० लिटरची. आदल्या दुपारी भरलेली, तिघांनी एका दिवसात संपवली. माणशी दीडशेच्या वर. जलजीवन योजनेत गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरलेलं आहे. शेजारच्या वस्तीला तेवढंही रोज मिळत नाही. पाहुण्यांचा काही दोष नव्हता, आम्हीच डोक्यावर फवारा लावून ठेवला होता. ते कुटुंब गेलं त्याच दिवशी ह्यांनी दोन्ही फवारे काढले. आता वीस लिटरची बादली, तांब्या, आणि लागली तर दुसरी बादली. कुणी नाराज होत नाही, आधी सांगावं लागतं एवढंच. चादरी दोन रात्रींनी धुतो. न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात जातं. प्यायला माठ. पाहुणे घेऊन येतात त्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यांनीच परत न्यायच्या, कारण गावात कचऱ्याची गाडी नाही आणि जाळल्याचा धूर वस्तीत जातो. हे फोनवरच, बुकिंगच्या वेळी सांगते.

आणखी दोन गोष्टी फोनवर सांगते. दारू आणि स्पीकर चालणार नाही. आणि अंधार पडल्यावर एकट्यानं कुंपणाबाहेर जायचं नाही. २०१७ मध्ये आमच्या तालुक्यात गिरणेच्या भागात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली होती. इथल्या बायका अजून संध्याकाळी शेतातून लवकर निघतात. बिबट्याचं नाव घेऊन पाहुण्यांना भुलवणं मला पटत नाही. तो इथं राहतो आणि आपण जपून राहायचं, इतकंच सांगते.

जानेवारीत खरी गर्दी झाली. पीतळखोऱ्याची लेणी बघायला जाणारे, चाळीसगावात केकी मूस यांची फोटोकला बघून पाटणला येणारे, एक निवृत्त गणित शिक्षक तर शिलालेखासमोर नुसतं बसता यावं म्हणून तीन दिवस राहिले. आणि नेमक्या त्याच महिन्यांत तांडा रिकामा असतो. दिवाळीनंतर कोयते उचलून जोडपी ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. पाच जणींमधली एक तांड्यावरची. ऑक्टोबरमध्ये तिनं मला सरळ विचारलं होतं, "ताई, तुमच्याकडचं काम किती दिवसांचं? मी उचल घेऊ का नको?" मी वहीत आकडे मांडले. एका आठवड्याच्या पाळीला जास्तीत जास्त हजार-बाराशे, तेही पाहुणे आले तर. कोयत्याची उचल त्याच्या कितीतरी पट. मी म्हणाले, "घे. माझ्या भरवशावर सोडू नकोस." ती गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. आपण गावाला काम देतो असं म्हणणं सोपं असतं. तिच्या जागी दुसरी कुणी घेतली नाही, चौघींनी पाळी वाटून घेतली.

मार्चपासून विहिरीची वही पुन्हा रोज उघडू लागले. ६ एप्रिल २०२५ ला पाणी त्या खुणेपर्यंत उतरलं, जिच्याखाली गेलं की वस्तीसाठी सोडायचं पाणी कमी पडतं. खुणेला चुना लावून ठेवला आहे, वस्तीवरच्या चार माणसांसमोर. त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला, मे महिन्यात तिन्ही खोल्या आठ दिवस, पैसे जास्त देऊ. आठ दिवसांचे चाळीस हजार तरी झाले असते आणि पतसंस्थेचे हप्ते डोक्यावर होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाऊस पडल्यावर या म्हणून सांगितलं. १० एप्रिलला खोल्यांना कुलूप लावलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० तारखेला होती. माहेरी आलेल्या लेकींनी बागेतल्या कडुलिंबाला झोके बांधले, विहिरीवर बादल्यांची रांग लागली, आणि पाणी पुरलं.

मे महिन्यात सगळ्यांना ओसरीवर बोलावून पहिल्या हंगामाचा हिशेब वाचला. ४७ खोली-मुक्काम, त्याचे ६५,८००. जेवणाचे ३१,४००. एकूण ९७,२००. त्यातले ५४,५०० गावात गेले: स्वयंपाक करणाऱ्या, वाटाड्या, दूध-भाजी-पीठ. राहिले ४२,७००. कर्जाचे हप्ते, वीज आणि दुरुस्ती वजा जाता आमच्या हाती फार काही लागलं नाही. घर शेतीवरच चालतं, हे सुरू करणाऱ्यानं ओळखून असावं. सासूबाई शेवटपर्यंत बसून होत्या. वाचून झाल्यावर उठल्या, देव्हाऱ्यातल्या त्या सहाशेच्या नोटा आणल्या आणि म्हणाल्या, यासुद्धा वहीत लिही.

यंदा दुसरा हंगाम. पावसाआधी धाब्यावर खारी पसरली, दोन ठिकाणी ओल आली होती ती थांबली. उन्हाळ्यात तांड्यावरची ती परत आल्यावर बायकांनी मिळून दादरचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड केले. आता ते पाहुण्यांना विकतो, पैसे करणारीला. घरी बसून करायचं काम असल्यामुळे ते तिला जमलं. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा आली. या वेळी उचलीचं विचारलं नाही. कोयत्याची गाडी रात्री निघणार होती. दोन डबे बिबडे ओट्यावर ठेवले, एकावर खडूनं रेघ ओढली.

"हा विकायचा," ती म्हणाली. "दुसरा तुम्ही घरी खा. आणि चुलीची डावी बाजू ढासळली आहे, भरिताच्या आधी लिंपून घ्या."

ती गेल्यावर मी माती भिजत घातली.